वाकटी कुणाची कोण?

शहापूर-मुरबाडला समुद्र नाही. आमच्याकडे भातसा, तानसा, काळू. दर्याचा मासा बघायचा तो बाजारात, आणि तोही बहुतेक सुकलेला. पावसाळ्याआधी घरोघरी बोंबील, सुकट, वाकट्या भरून ठेवतात. आवणीच्या दिवसांत त्यावरच निभावतं. तेव्हा मासे ओळखायला आम्ही शिकलो ते टोपलीपाशी.

टोपलीतली पहिली वाटणी खवल्यांची. या वाटणीवरून कोकणात एका समाजाची ओळख पटल्याची कथा आहे. बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. गलबत फुटून त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू पाहुणा आला. ही माणसं खरंच आपली का, हे बघायला त्यानं बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. त्यांनी पर आणि खवले दोन्ही असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. राहाबीची खात्री पटली. तो नेमका कधी आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण कथा अजून सांगितली जाते.

आम्हा मुसलमानांतही हा हिशेब आहे. कोकणी मुसलमान शाफई, त्यामुळे दर्यातलं बहुतेक सगळं आम्हाला चालतं. शिया आणि बोहरी मंडळींना खवल्यांचाच मासा लागतो; कोळंबीला मात्र सूट. हनफी आलिमांत कोळंबीला मासा म्हणायचं की नाही, यावर जुना वाद आहे. मुशीची तर गंमतच. तिच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवा, पॉलिश पेपरसारखं लागेल. ते बारीक, दातांसारखे खवलेच. पण कातडी न फाटता सुटतो तोच खवला, असा ज्यू धर्मशास्त्राचा नियम, म्हणून मुशी बाद.

कुणी काय खावं, यासाठी ही खूण सोयीची. नातं सांगायला ती अपुरी पडते. माझं नाव ऐकून लोक आधी उर्दू गजलांची चौकशी करतात, म्हणून एकाच खुणेवर निकाल देण्याचं मला जरा वावडंच आहे.

वाम, शिंगाळा, वाकटी, तिघांनाही खवले नाहीत. शास्त्रज्ञ मात्र त्यांना तीन वेगळ्या घरांत बसवतात. बोंबील तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे: अंगाचा पुढचा भाग उघडा, मागच्या भागाला पातळ खवले. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्याला युरोपातल्या ऑस्मेरस माशांत घातलं होतं. आज तो सरड्यासारख्या तोंडाच्या माशांच्या कुळात आहे.

खरा धक्का पापलेटचा. पापलेट आणि हलवा आपण भाऊ समजतो. दोघे चपटे, रुंद. इंग्रजीत तर हलव्याला काळं पापलेटच म्हणतात. पण हलव्याच्या शेपटीच्या बुडाशी बोट फिरवून बघा. तिथे कडक, खरखरीत खवल्यांची कड लागते. पापलेटला ती नसते. त्या कडेवरून आणि हाडांच्या रचनेवरून हलवा वेगळ्या कुळात गेला. मग पापलेटचे सगेसोयरे कोण? २०१३ साली जपानी अभ्यासकांच्या पुढाकारानं जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बांगडा, सुरमई, पापलेट आणि आपली वाकटी यांची कुळं एकाच मोठ्या गोतावळ्यात निघाली. एक गोल ताटलीसारखा, एक नाडीसारखी लांब आणि बिनखवल्यांची, तरी पूर्वज एकच.

पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा केलं. म्हणजे आमची सुकी वाकटी राज्यमाशाची लांबची बहीण झाली. मुरबाडच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या एका मावशींना मी हे सगळं हौसेनं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग चाचा, भावपण पापलेटचाच द्या."