आधी खरं सांगा
(ताथवडे येथील कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)



गेल्या वर्षी माझ्या ७४ वर्षांच्या आत्याला मावळातल्या वाडीवरून ताथवड्याला घरी आणलं. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होतं. घाबरेल म्हणून मी "नुसती तपासणी आहे" असं सांगितलं. दवाखान्यात हिरवा झगा दिला, तेव्हा तिला कळलं. "तू बी फसवलंस व्हय रं?" म्हणाली आणि निघाली. ऑपरेशन पुढे गेलं. चूक माझी होती.

दुसऱ्या वेळी आठवडाभर आधी सगळं सांगितलं: काय करतील, किती दिवस राहायचं, रात्री सोबत कोण. तिने एकच विचारलं, "शेळ्या कोण राखंल?" ती सोय झाली, तशी ती तयार झाली.

म्हणून आधी म्हाताऱ्या माणसाची काळजी काय आहे ते विचारा. मग आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरा. ७० वर्षे आणि त्यावरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत, उत्पन्नाची अट नाही. कार्ड आधीच काढा. रुग्णालय योजनेत आहे का, तेही विचारा. मिश्रीची सवय डॉक्टरांपासून लपवू नका. चष्मा आणि रोजची गोधडी न्या. परक्या जागी म्हातारी माणसं रात्री गोंधळतात. ओळखीचं माणूस उशाशी हवं.

आत्या आज पुन्हा शेळ्यांमागे हिंडते. आपण प्रार्थना करतोच. त्याबरोबर खरंही बोलू या.