दगडफुलाचा रंग



गोड्या मसाल्यातील दगडफूल सर्वांच्या परिचयाचे आहे. नावात फूल असले तरी ते फूल नव्हे. कवक आणि शैवल या दोन जीवांनी परस्परांच्या आधाराने थाटलेला तो संसार होय. शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. कवक त्यास आसरा व ओलावा देते. अशा जोडजीवास शास्त्रात शैवाक म्हणतात.

काही शैवाकांपासून कापडाचे रंग मिळतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीझ बेटांवर लोक खडकांवरचे शैवाक खरवडून आणीत. लोखंडी भांड्यात एक थर लोकरीचा व एक थर शैवाकाचा रचून, पाणी घालून, ते कित्येक तास उकळीत. लोकरीस तांबूस तपकिरी रंग चढे. त्यासाठी तुरटीसारखे रंगबंधक लागत नसे.

दुसऱ्या काही जाती शिळ्या मूत्रात भिजवून वरचेवर ढवळीत. त्यातील अमोनिया व हवेतील प्राणवायू यांच्या योगाने काही आठवड्यांत जांभळा रंग तयार होई. १७५८ साली कथबर्ट गॉर्डन यांनी अशा एका रंगाचे पेटंट घेतले. पुढे कारखान्यास स्थानिक शैवाक पुरेनासे झाले व ते परदेशांतून आणावे लागले.

असे का व्हावे? पुष्कळ शैवाक वर्षाला केवळ काही मिलिमीटर वाढतात. खडकावरील तळहाताएवढा ठिपका घडण्यास कित्येक वर्षे लागतात. तो खरवडण्यास क्षणही पुरतो. १८५६ साली पर्किन यांनी कृत्रिम जांभळा रंग शोधला आणि त्यानंतर शैवाकांच्या रंगाची मागणी ओसरत गेली.

शाळेतील लिटमसही मूळचा शैवाकांपासूनच काढलेला रंग होय. लिंबाच्या रसाने निळा लिटमस तांबडा होतो, चुन्याच्या निवळीने तांबडा निळा होतो. हा प्रयोग दाखविताना त्या रंगाचे कुळही मुलांस सांगावे.

नंतर मुलांस शाळेबाहेर न्यावे. एखाद्या जुन्या दगडावरील शैवाकाचा ठिपका निवडावा, त्यावर पातळ कागद ठेवून कडा गिरवावी व तारीख घालावी. दरवर्षी त्याच दिवशी पुन्हा गिरवावे. पहिलीतील मूल सातवीत जाईल तेव्हा सात कागद एकावर एक ठेवून त्यास वाढ स्वतः मोजता येईल. रंग काढून पाहावयाचा असल्यास वाऱ्याने पडलेल्या फांद्यांवरचेच शैवाक घ्यावेत. जिवंत ठिपक्यास हात लावू नये. सहा वर्षांत तो किती थोडा वाढला हे ज्या मुलाने स्वतः मोजले, त्यास तो का खरवडू नये हे निराळे सांगावे लागणार नाही.