घरी बसून नोकरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. नोकरीसाठी कचेरीची पायरी मी कधी चढले नाही. पण मार्च २०२० मध्ये करोनामुळे टाळेबंदी झाली आणि कचेरीच आपल्या घरात आली. म्हणून या विषयावर बोलण्याचे धाडस करते.

माझी धाकटी जाऊ अजूनही आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते. यात सुख आहे, हे नाकारून चालणार नाही. लोकलची धक्काबुक्की वाचते, दुपारी गरम घास पोटात जातो, लेकरू डोळ्यांसमोर राहते. बाळंतपणाच्या रजेचा कायदा २०१७ साली सुधारला. रजेनंतर, काम तसे असेल तर मालकाशी ठरवून घरून करण्याची सोय तेव्हा झाली.

पण या सुखाला एक काटा आहे. तो म्हणजे, "घरीच तर आहेस!" हे वाक्य. गॅसवाला आला, पाहुणे आले, दूध उतू जाऊ लागले, की तिनेच उठायचे. साहेबांनाही तेच वाटते. घरीच तर आहे, मग रात्री दहाला फोन केला तर काय बिघडले? अशी दोन्हीकडून ओढाताण झाली की पाठ धरते, डोळे चुरचुरतात, झोप उडते. घराबाहेरच्या माणसाशी दिवसभर बोलणे होत नाही, ते वेगळेच.

भगिनींनो, घरी बसून कमावणे आपल्याला नवे नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचे काम सुरू केले. तेथील रीत अशी: सकाळी शाखेतून मळलेले पीठ आणायचे, घरी आपल्या सवडीने पापड लाटायचे, वाळवून दुसऱ्या दिवशी शाखेत द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. पीठ संपले की काम संपले. शिवाय रोज सकाळी चार बायका भेटतात, सुखदुःख बोलता येते. संगणकावरच्या कामाचे पीठ कोणी मोजूनच दिलेले नसते. खरे दुखणे तेथे आहे.

तेव्हा मोजमाप आपणच घालू या. कामाची वेळ घरात सर्वांना सांगून ठेवावी. त्या वेळेत दार दुसऱ्या कोणीतरी उघडावे, मग तो पुरुष का असेना. वेळ संपली की संगणक मिटावा आणि तिला बाहेर फिरून येऊ द्यावे.

शेवटी एक विनंती. आपल्या मंडळाची खोली दुपारी बंद असते. आठवड्यातून दोन दुपारी ती अशा नोकरीवाल्या मुलींसाठी उघडावी. चार जणी एकत्र बसतील, काम करतील, मध्ये थोड्या हसतील. चहाचे मी पाहीन.