वॉर्डातली गोळ्यावाली ताई



दवाखान्यात औषधाचं काम कोण बघतं, असं कुणी विचारलं तर आपण पटकन सांगतो : डॉक्टर लिहून देतात, मेडिकलवाला देतो, आणि पेशंट ॲडमिट असेल तर सिस्टर हातावर गोळी ठेवते. जुनी माणसं अजून 'कंपाउंडर' हाच शब्द वापरतात. पण मोठ्या रुग्णालयात या तिघांच्या मधे आणखी एक माणूस असतो. खरं तर बऱ्याचदा ती मुलगीच असते. आज तिच्याबद्दल बोलायचंय.

आम्ही तिघी त्यातल्याच. तिघीही खेड्यातून आलेल्या, बारावीनंतर सहा वर्षांचा 'फार्म.डी.' हा अभ्यासक्रम केलेल्या. त्यातलं शेवटचं अख्खं वर्ष वॉर्डात काढलं. तिथले पेशंट आम्हाला सिस्टर म्हणतात, नातेवाईक कधी डॉक्टर म्हणतात, आणि एका आजीनं 'गोळ्यावाली ताई' असं नाव ठेवलं होतं. तेच आम्हाला जास्त आवडलं.

आमचं काम सुरू होतं ते पिशवीपासून. पेशंट भरती झाला की आम्ही विचारतो, घरून गोळ्यांची पिशवी आणली का? आणली नसेल तर मुलाला परत पाठवतो. त्या पिशवीतून काय काय निघतं! एका काकूंच्या पिशवीत बीपीच्या दोन गोळ्या होत्या. एक प्राथमिक आरोग्य केंद्रातली, एक तालुक्याच्या डॉक्टरांनी लिहिलेली. पाकिटं वेगळी, नावं वेगळी, आतलं औषध एकच, ॲमलोडिपिन. काकू दोन्ही घेत होत्या, कारण दोन्ही डॉक्टर चांगले! पाय सुजले म्हणून त्या आल्या होत्या, आणि या औषधानं पाय सुजतात. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि बारीक अक्षरात औषधाचं. ते बारीक अक्षर वाचणं हा आमच्या कामाचा अर्धा भाग.

दुसरी गोष्ट जरा गंभीर आहे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. चांगलं औषध आहे, बोटं वाकडी होण्यापासून वाचवतं. पण संधिवातात ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ठरलेल्या एका वारी. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, जंतुसंसर्ग होतो, माणूस दगावूही शकतो. आमच्या वॉर्डात एक मावशी आल्या होत्या. तोंड आलेलं, पाणी गिळवत नव्हतं, अंगात ताप. घरच्यांना वाटलं होतं उष्णता झाली, म्हणून सब्जा देत होते. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' हे बरोबर लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत. कोणत्या रुग्णालयातली चिठ्ठी होती ते सांगण्यात अर्थ नाही, कारण अशी चिठ्ठी कुठलीही असू शकते. डॉक्टरांनी बरोबर लिहिलं, दुकानदारानं बरोबर औषध दिलं, मावशींनी मनापासून घेतलं. तरी त्या मरणाच्या दारात गेल्या, कारण 'ही गोळी फक्त सोमवारी' एवढं वाक्य त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं. मावशी वाचल्या. त्यांना सतरा दिवस राहावं लागलं.

आता कळलं असेल, ही मधली मुलगी कशासाठी लागते ते.

इन्सुलिनचं उदाहरण तर प्रत्येक गावात उपयोगाचं आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेली आणि 100 युनिट असलेली. त्यांच्या सुयाही वेगळ्या. 40 च्या सुईचं टोपण लाल, 100 च्या सुईचं नारिंगी. आता समजा डॉक्टरांनी 20 युनिट सांगितलं, आणि 100 ची बाटली घरात असताना लाल टोपणाच्या सुईनं 20 च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर अंगात 20 नाही, 50 युनिट जातात. साखर एकदम खाली येते, माणूस घामाघूम होऊन बेशुद्ध पडतो. उलटं झालं, 40 ची बाटली आणि नारिंगी सुई, तर 20 च्या जागी 8 च युनिट जातात आणि मग सगळे म्हणतात, इन्सुलिन चालू आहे तरी शुगर काही उतरत नाही. मेडिकलमध्ये लाल टोपणाची सुई संपली म्हणून नारिंगी आणली, इतकं साधं कारण असतं यामागे. तेव्हा बाटलीवरचा आकडा आणि सुईवरचा आकडा एकच आहे ना, हे घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडूनही वाचून घेता येईल.

आणि एक खास बायकांसाठी, कारण हे कुणी आपणहून विचारत नाही. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं. त्यानं लघवी नारिंगी होते, त्याला घाबरायचं नाही. पण त्याच औषधामुळे माला-एनसारख्या पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा असर कमी होतो. गोळी नियमित घेऊनही दिवस जाऊ शकतात. टीबीचे उपचार चालू असलेल्या बाईनं तांबी किंवा निरोध यांबद्दल नर्सताईंशी बोलून घ्यावं. पुरुष डॉक्टर, पुरुष दुकानदार, शेजारी सासू उभी. अशा वेळी ती बाई हा प्रश्न विचारणार कशी? आम्ही पडदा ओढून घेतो आणि आम्हीच विचारतो.

हे सगळं पुस्तकात असतंच. कॉलेजात आम्ही पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्क मिळवले. पण वॉर्डात गेल्यावर कळलं की 'जेवणानंतर दोनदा' या शब्दांना काही अर्थ नाही. खुरपणीला जाणारी बाई सकाळी सातला नुसता चहा घेऊन निघते, शेतावर अकराला भाकरी खाते आणि रात्री सगळ्यांचं झाल्यावर जेवते. तिचं 'जेवणानंतर' कधी असतं? थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. आता गरोदर बाईला या तिन्ही गोळ्या असू शकतात. तिच्या दिवसाचं वेळापत्रक तिच्याकडूनच ऐकून घेऊन त्यात गोळ्या बसवाव्या लागतात. आमच्या सरांनी पहिल्या आठवड्यात एक सवय लावली. सगळं सांगून झालं की 'कळलं का?' असं विचारायचं नाही. त्यावर सगळेच मान डोलावतात. विचारायचं, 'मावशी, आता तुम्ही मला सांगा, ही गोळी घरी गेल्यावर कशी घेणार?' पहिल्या दिवशी दहातल्या सहा जणींनी वेगळंच सांगितलं.

याहून अवघड होतं डॉक्टरांशी बोलणं. तेवीस वर्षांच्या मुलीनं वीस वर्षं काम केलेल्या डॉक्टरांना सांगायचं, की साहेब, या बाबांची किडनी कमजोर आहे, हे इंजेक्शन या प्रमाणात जास्त होईल. पाय लटपटतात हो! नुसतं धाडस करून ते होत नाही. रक्ताचा रिपोर्ट हातात हवा, हिशेब करून ठेवलेला हवा, पर्याय सुचवता यायला हवा, आणि कुणासमोर बोलायचं आणि कुणासमोर नाही याचं भान हवं. हे शिकायला वर्ष लागतं, आणि मागे कुणीतरी अनुभवी माणूस उभं असावं लागतं.

आता ज्यांच्या मुली दहावी-बारावीला आहेत, त्यांनी जरा कान देऊन ऐका. औषधशास्त्राचे तीन रस्ते आहेत. डी.फार्म. दोन वर्षांचं, त्यानंतर 500 तासांचं प्रत्यक्ष काम. बी.फार्म. चार वर्षांचं. आणि फार्म.डी. सहा वर्षांचं, जे आपल्या देशात 2008 मध्ये सुरू झालं. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री लागतं, सोबत बायॉलॉजी किंवा गणित, आणि महाराष्ट्रात बी.फार्म. व फार्म.डी.साठी सीईटी द्यावी लागते. फार्म.डी.च्या सहाव्या वर्षात सहा महिने मेडिसिन वॉर्ड आणि मग तीन वेगवेगळ्या विभागांत दोन-दोन महिने, अशी इंटर्नशिप असते. नियमानुसार कॉलेजला किमान 300 खाटांचं रुग्णालय जोडलेलं लागतं. कागदावर ते असतंच. तुम्ही मात्र प्रवेश घेण्याआधी शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारा : रोज वॉर्डात जाता का? राउंडला डॉक्टर सोबत घेतात का? तिथे शिकवायला कोण असतं? विद्यावेतन मिळतं का? रुग्णालय कॉलेजपासून किती लांब, आणि रात्री परत कशा येता? इमारतीची काच बघून फी भरू नका.

आणि नोकरीचं खरंखुरं सांगायचं तर, रस्ता अजून कच्चा आहे. आमच्याबरोबर शिकलेल्या बऱ्याच जणी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत कॉम्प्युटरसमोर बसतात. पगार बरा आहे, त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. पण वॉर्डात वर्षभर जे कमावलं ते तिथे कुलूपबंद झालं. मोठी खासगी रुग्णालयं अशा मुली घेतात. सरकारी दवाखान्यात औषध निर्माण अधिकारी असतात, पण साठा, रजिस्टर, खिडकीसमोरची रांग, सगळं त्यांच्याच डोक्यावर. एकेका पेशंटजवळ दहा मिनिटं बसायला त्यांना सवड कुठली?

अमेरिकेत यावर एक वाट काढलेली आहे. तिथे फार्म.डी. झाल्यावर आणि परवाना मिळाल्यावर, रुग्णालयात काम करू इच्छिणारी मुलं-मुली आणखी एक वर्ष 'रेसिडेन्सी' करतात. आपल्याकडे एम.बी.बी.एस. झालेले डॉक्टर निवासी म्हणून राहतात ना, तसंच. कुणाला कॅन्सर, लहान मुलं किंवा अतिदक्षता विभाग यात मुरायचं असेल तर दुसरं वर्ष. सक्ती नाही, पण मोठ्या रुग्णालयातली नोकरी त्याशिवाय मिळणं कठीण. पगार पूर्ण नसतो, तरी पोटापुरता असतो. इंटर्न आणि रेसिडेंट यांतला फरक लक्षात घ्या. इंटर्न अजून विद्यार्थिनी असते, तिची सही चालत नाही. रेसिडेंटकडे परवाना असतो, तिच्या शब्दाला वजन असतं, आणि तरीही चुकू नये म्हणून वर कुणीतरी बघत असतं. म्हणजे सायकल धरून पळणारं माणूस अजून मागे आहे, पण पायडल तीच मारतेय.

आमचं मत असं, की जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत फार्म.डी. झालेल्या मुला-मुलींसाठी असं एक पगारी वर्ष असावं. अमेरिकेची नक्कल म्हणून नव्हे. तिथे विमा आहे, पैसा आहे, आपली रांग वेगळी. पण डिस्चार्जच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसणारी एक मुलगी असली, तर त्या मेथोट्रेक्सेटवाल्या मावशींसारखे सतरा दिवस कुणाचे तरी वाचतील. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. तुमच्या गटातली कुणी तिच्यावर असेल, किंवा समितीवरच्या माणसाला ओळखत असेल, तर एवढं तरी मांडा की घरी सोडताना प्रत्येक पेशंटला गोळ्या मराठीत समजावून सांगायला एक माणूस नेमा.

तोवर तुम्ही काय करायचं? घरात जो कुणी रोज औषध घेतो त्याची पिशवी एक ठेवा, चार नकोत. दवाखान्यात जाताना ती न्या, रिकामी पाकिटंसुद्धा. झाडपाल्याचं, वैदूचं काही चालू असेल तर तेही सांगा, कुणी रागावलं तरी सांगा. पाकिटाच्या कोपऱ्यावर वार किंवा सकाळ-रात्र पेनानं लिहून घ्या. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी आम्ही सूर्य आणि चंद्र काढतो, ते झकास चालतं. गोळी कापताना तारीख आणि औषधाचं नाव असलेला भाग शेवटपर्यंत राहू द्या.

आणि एक नंबर लिहून घ्या. औषधानं अंगावर पुरळ आलं, चक्कर आली, काही विपरीत वाटलं, तर आधी डॉक्टरांकडे जायचंच. पण त्याची नोंद सरकारकडेही करता येते, साध्या माणसालासुद्धा. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा देशाचा कार्यक्रम 2010 पासून चालू आहे. फोन फुकट लागतो : 1800-180-3024. पुन्हा सांगतो, एक आठ शून्य शून्य, एक आठ शून्य, तीन शून्य दोन चार. फोन करताना औषधाचं पाकीट हातात ठेवा, त्यावरचा बॅच नंबर विचारतात.