गुणवंतांना दुसरे काय म्हणावे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या गुणवंत विद्यार्थी गौरव समारंभातील भाषण)



सत्काराच्या कार्यक्रमात चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांनी आज्ञा केली. निमंत्रण पत्रिकेवर 'गुणवंत' हा शब्द पाहिला आणि मन तिथेच अडखळले. मराठीत 'गुण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक गुण माणसाच्या अंगी असतो, दुसरा गुणपत्रिकेत असतो. आपल्या शास्त्रात आत्म्याच्या विकासाच्या चौदा पायऱ्या सांगितल्या आहेत आणि त्यांना 'गुणस्थान' असे नाव आहे. या चौदाही गुणस्थानांत टक्केवारीचा उल्लेख कुठेही आढळत नाही. म्हणून मनात विचार आला की, या मुलांना 'गुणवंत', 'हुशार', 'कुशाग्र' याखेरीज दुसरे काही म्हणता येईल का? थोडे हसू येईल, पण ओझे होणार नाही, असे काही?

हुशार मुलांना नाव देण्याचा उद्योग परदेशातही मोठ्या प्रमाणावर झाला आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. पुढे ती अमेरिकेत गेली आणि तिचा उपयोग पुढे असणारी मुले निवडण्यासाठीही होऊ लागला. १९२१ साली कॅलिफोर्नियात लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञांनी सुमारे दीड हजार अतिबुद्धिमान मुले निवडली आणि त्यांच्या आयुष्याचा अभ्यास सुरू केला. टर्मन यांची मुले म्हणून त्या मुलांना गमतीने 'टर्माइट्स' असे नाव पडले. टर्माइट म्हणजे वाळवी! ज्या घरात हुशार मूल आहे, त्या घरातील पुस्तकांची, घड्याळांची आणि आईच्या संयमाची अवस्था पाहिली की हे नाव अगदीच चुकीचे होते असे म्हणवत नाही. आणखी एक गंमत अशी की, त्या चाचणीत बसूनही निवड न झालेल्या दोन मुलांना पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. विल्यम शॉकली यांना १९५६ साली आणि लुईस अल्वारेझ यांना १९६८ साली. निवडलेल्या दीड हजारांपैकी मात्र एकालाही ते मिळाले नाही. शिक्का मारणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

आता आपल्या समाजातील मुलांसाठी मी काही पर्यायी पदव्या सुचवितो. विश्वस्तांची मान्यता अद्याप घेतलेली नाही.

पहिली पदवी 'प्रश्नव्याकरण'. आपल्या आगमांतील दहाव्या अंगाचे हे नाव. त्याची क्षमा मागून वापरतो. हे मूल प्रवचनात पहिल्या रांगेत बसते आणि महाराजसाहेबांना विचारते, "सूर्यास्तापूर्वी जेवायचे, तर उत्तर ध्रुवावर राहणाऱ्या जैनांनी सहा महिने उपाशी राहायचे का?" महाराजसाहेब प्रसन्नपणे हसतात, वडील मात्र शेजारच्या खांबाआड सरकतात.

दुसरी पदवी 'पुद्गलशास्त्री'. परमाणू एकत्र आले की स्कंध होतो आणि स्कंध सुटा झाला की परमाणू, हे आपण पाठशाळेत शिकतो. हा बालक ते प्रयोगाने सिद्ध करतो. घरातील मिक्सर, भिंतीवरचे घड्याळ, आजोबांचा रेडिओ यांचे स्कंधातून परमाणूत रूपांतर तो एका दुपारी करतो. उलट दिशेचा प्रयोग अजून सिद्ध व्हायचा आहे.

तिसरी पदवी 'मौन एकादशी'. आपण मौन एकादशी वर्षातून एकदा पाळतो. ही मुलगी पुस्तक हाती घेतले की रोज पाळते. आईने पाच हाका माराव्यात, सहाव्या हाकेला तिने पान उलटावे.

चौथे आपले 'स्याद्वादी'. "गृहपाठ केलास का?" असे विचारले तर उत्तर येते, "एका अपेक्षेने केला, दुसऱ्या अपेक्षेने नाही केला." अधिक खोलात शिरल्यास तो 'अवक्तव्य' या भंगाचा आश्रय घेतो.

मुलांना नावे ठेवली, आता पालकांनी तरी का सुटावे? मुलगा दहावीत गेला की वडील भेटेल त्याला सांगतात, "यंदा आमची दहावी आहे." अशा पालकांना 'पुनर्परीक्षार्थी' म्हणावे. स्वतःच्या वेळी राहून गेलेले गुण ते मुलाच्या हातून मिळवू पाहतात. ज्या माता स्कूटरवरून पहाटे गणिताच्या, दुपारी संगीताच्या आणि संध्याकाळी बुद्धिबळाच्या वर्गाला मुलांना पोचवितात, त्यांना 'सारथी'. पाहुणे आले, की चहा येण्यापूर्वीच पाच वर्षांच्या बाळाला भक्तामरचे अठ्ठेचाळीस श्लोक म्हणायला उभे करणारे ते 'उद्घोषक'. "शेजारच्यांचा बघ" या मंत्राचा अखंड जप करणारे 'तुलनाचार्य'. आणि नातवाने भिंतीवर रेघ ओढली तरी "काय हात आहे!" म्हणणारे आजी-आजोबा ही आपली 'अनुमोदना समिती'. त्या समितीचा मीही एक आजीव सदस्य आहे.

आपण हसलात, मला आनंद झाला. विनोदी नावाचा एक मोठा लाभ असतो. त्या नावाला कुणाला जागावे लागत नाही. 'पुद्गलशास्त्री' मुलाने उद्या मिक्सर खोलला नाही, तर घरात कुणी निराश होत नाही. उलट त्या दिवशी घरात पेढे वाटले जातील. पण ज्याला आपण 'समाजाचे भूषण' म्हटले, त्याला दर वर्षी भूषण असावे लागते. हे मी कुठल्या ग्रंथात वाचून सांगत नाही. यात माझा स्वतःचा दोष आहे आणि तो आज या व्यासपीठावर सांगण्याचे मी ठरवून आलो आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच समारंभात नावे पुकारण्याचे काम माझ्याकडे होते. आपल्यातील एक मुलगी सलग सहा वर्षे पहिले पारितोषिक घेत होती. सहाव्या वर्षी मला उत्साह आवरला नाही आणि ध्वनिक्षेपकावरून मी म्हणालो, "ही तर आपल्या समाजाची साक्षात सरस्वती!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या वर्षी तिची दहावी होती. तिला शहाऐंशी टक्के गुण मिळाले. कुठल्याही घरात आनंद व्हावा असे गुण, परंतु यादीत पहिले नाव दुसऱ्याचे होते. तिचा अर्ज आला नाही, म्हणून मी घरी गेलो. आई दारातच हळू आवाजात म्हणाली, "यंदा सांगण्यासारखे काही नाही हो." आतल्या खोलीचे दार लोटलेले होते. मुलगी घरात होती. बाहेर आली नाही. त्यानंतर ती आपल्या कुठल्याच कार्यक्रमात दिसली नाही, पाठशाळेतही नाही. अनेक वर्षांनी एका लग्नात भेटली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "काका, तुम्ही त्या दिवशी बोललात ते मला फार आवडले होते. म्हणूनच तर ते जड झाले."

'साक्षात सरस्वती' हे शब्द मला सुचले होते ते श्रीमद् राजचंद्र यांच्या चरित्रावरून. १८८७ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये शतावधानाचा प्रयोग केला. एकाच वेळी शंभर गोष्टींकडे अवधान. त्यांना सुवर्णपदक मिळाले आणि 'साक्षात सरस्वती' ही पदवीही मिळाली. इथपर्यंतची कथा मला पाठ होती. त्यापुढची मी विसरलो होतो. काही काळातच त्यांनी हे जाहीर प्रयोग सोडून दिले. स्मरणशक्तीचे कौतुक आत्मसाधनेच्या आड येते, हे त्यांनी ओळखले. गांधीजींना १८९१ साली ते भेटले, तेव्हा त्यांच्या शतावधानापेक्षा त्यांच्या चारित्र्याची आणि आत्मदर्शनाच्या तळमळीची छाप गांधीजींवर अधिक खोल पडली. पदवी खाली ठेवण्याचे बळ श्रीमदांजवळ होते. पंधरा वर्षांच्या मुलीजवळ ते कुठून असणार? तिच्या डोक्यावर ती आम्ही ठेवली होती. उतरविण्याचे कामही आमचेच होते.

आपल्या परंपरेने हुशारीकडे कसे पाहिले, ते आता पाहू. आर्य स्थूलिभद्रांना सात बहिणी होत्या. यक्षा, यक्षदत्ता, भूता, भूतदत्ता, सेना, वेणा आणि रेणा. कथा अशी की यक्षेला एकदा ऐकले की पाठ होई, यक्षदत्तेला दोनदा ऐकावे लागे आणि याच क्रमाने रेणेला सात वेळा. आजच्या काळात यक्षेचा फलक चौकात लागला असता आणि रेणेला तीन शिकवण्या लावल्या गेल्या असत्या. पण पहाटेच्या प्रतिक्रमणात भरहेसर सज्झायमध्ये आपण या भगिनींचे स्मरण करतो, तेव्हा सातही नावे येतात आणि सातही वंदनीय असतात. कुणाला किती वेळा ऐकावे लागले, ते तिथे कुणी मोजलेले नाही.

आणखी एक मुनी आपल्याला ठाऊक आहेत. 'रोष करू नकोस, तोष करू नकोस' एवढेच गुरूंनी त्यांना पाठ करायला दिले. 'मा रुष, मा तुष' हे शब्द त्यांना धड आठवत ना. घोकता घोकता त्याचे 'माषतुष' झाले, म्हणजे उडीद आणि टरफल. लोक हसले आणि तेच त्यांचे नाव पडले. त्यांनी ना हसणाऱ्यांवर रोष केला, ना घोकणे सोडले. शब्द चुकला, अर्थ जगला आणि त्यांना केवलज्ञान झाले. चेष्टेने दिलेले नाव आज आपण आदराने घेतो.

आणि बालमुनी अतिमुक्तक! पावसाचे पाणी वाहताना दिसले, तशी त्यांनी मातीची पाळ घातली आणि आपले पात्र त्यात सोडले, "ही माझी नाव!" स्थविर मुनींना ते रुचले नाही. ते भगवंतांकडे गेले. भगवान महावीरांनी सांगितले, या बालमुनीची अवहेलना करू नका. हा याच भवात मुक्त होणारा आहे. आत्मा एवढा मोठा असतानाही मूल मूलच असते, पाण्यात नाव सोडते. भगवंतांनी ती नाव काढून घ्यायला सांगितली नाही.

बंधूभगिनींनो, माझे सांगणे एवढेच आहे की, बिरुद कर्तृत्वाच्या मागून यावे. कुंभोजचे भाऊराव पाटील इंग्रजी सहावीच्या पुढे शिकू शकले नाहीत. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, बहुजनांच्या मुलांना शाळेची दारे उघडली, आणि मग लोकांनी त्यांना 'कर्मवीर' म्हटले. बालपणी त्यांना कुणी गुणवंतांच्या यादीत घातले नव्हते.

आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे झाली. या निमित्ताने मी तीन विनंत्या करतो. पारितोषिके अवश्य द्यावीत, परंतु नावे अकारविल्ह्याने वाचावीत आणि टक्के पुकारू नयेत. परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलाला निमंत्रण जावे. उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, सर्वांना. आणि व्यासपीठावर आलेल्या प्रत्येक मुलाला त्याला पडलेला एक प्रश्न विचारू द्यावा. उत्तर आपल्याला आले नाही तर आपण पाठशाळेत जाऊन शोधू. त्यात आपलाही थोडा अभ्यास होईल.

मुलांना काय म्हणावे, या प्रश्नाने मी सुरुवात केली होती. उत्तर आपल्या घरातच आहे. राजा सिद्धार्थ आणि माता त्रिशला यांच्या घरी बाळ येणार, तेव्हापासून घराची समृद्धी वाढू लागली, म्हणून त्यांनी त्याचे नाव ठेवले 'वर्धमान', वाढत जाणारा. 'महावीर' हे नाव नंतरचे, त्याच्या निर्भयतेवरून मिळालेले. आईवडिलांनी आपल्याकडून दिले ते एवढेच, वाढत जाणारा. कुणापेक्षा जास्त, किती टक्के, कितव्या क्रमांकाने, यातले त्या नावात काही नाही. आज इथे बसलेले प्रत्येक मूल, पहिल्या रांगेतले आणि घरी लोटलेल्या दाराआड बसलेलेही, वर्धमान आहे. याहून मोठी पदवी ट्रस्टला देता येणार नाही आणि याहून हलकीही नाही.

त्या मुलीला मी लग्नाच्या गर्दीत काही बोलू शकलो नाही. ती आज इथे नाही. पण ही स्मरणिका घरोघरी जाते, तिच्याही हाती पडेल. म्हणून सर्वांच्या साक्षीने म्हणतो, बेटा, मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.