शाळेचा ठराव आणि शिक्षकाचे वेतन



विद्येची थोरवी गाणारी माणसे सर्व काळी व सर्व देशांत आढळतात. परंतु विद्या कोणाच्या घरापर्यंत पोहोचवावयाची आणि तिचा खर्च कोणी सोसावयाचा, हे दोन प्रश्न निघाले की पुष्कळांची वाचा बसते. युरोपातील प्रॉटेस्टंट पंथाने या प्रश्नांना काय उत्तर दिले, ते आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

सोळाव्या शतकापूर्वी पश्चिम युरोपातील चर्चमध्ये बायबल लॅटिन भाषेत वाचले जाई; सामान्य माणसाने त्याचा अर्थ पुरोहिताच्या तोंडून ऐकावयाचा. मार्टिन ल्यूथरने १५२२ साली नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. परंतु ज्याला अक्षरओळख नाही, त्याला लोकभाषेतील ग्रंथही मुकाच! म्हणून १५२४ साली ल्यूथरने जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांना जाहीर पत्र लिहिले व मुलांसाठी, तसेच मुलींसाठीही, शाळा काढण्याचा आग्रह धरला.

स्कॉटलंडमध्ये हा विचार आणखी पुढे गेला. १५६० साली जॉन नॉक्स व त्याचे सहकारी यांनी चर्चच्या व्यवस्थेची एक योजना तयार केली. प्रत्येक चर्चजवळ शिक्षक असावा. श्रीमंताने मुलाचा खर्च स्वतः करावा, गरिबाच्या मुलाचा चर्चने करावा. कोणाही बापाला मुलांना अडाणी ठेवण्याची मुभा नसावी, असे तीत म्हटले होते. चर्चच्या जुन्या मालमत्तेतून हा खर्च भागवावयाचा होता. पण त्या जमिनी व ते उत्पन्न बव्हंशी सरदारांच्या हाती गेले होते. त्यांनी ते सोडले नाही आणि योजनेचा हा भाग कागदावरच राहिला.

पुढे १६१६ व १६३३ साली शाळांविषयी हुकूम व कायदे झाले. अखेर १६९६ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमधील, म्हणजे चर्चच्या हद्दीतील, जमीनदारांवर शाळेसाठी घर व शिक्षकाला वर्षाला १०० ते २०० मर्क वेतन देण्याचे बंधन घातले. मर्क हे तेथील त्या काळचे चलन. यातील निम्मी रक्कम त्यांना कुळांकडून वसूल करता येई. मुलांना फी पडे. अत्यंत गरिबांची फी बहुधा चर्चच्या गरीबनिधीतून दिली जाई. ठरावापासून या कायद्यापर्यंत १३६ वर्षे लागली, हे ध्यानात ठेवा. तत्त्व तेच होते. उणीव होती ती वेतनाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे पक्के ठरविण्याची.

या व्यवस्थेचे दोषही झाकून ठेवता कामा नयेत. पुष्कळ मुलींना वाचावयास शिकविले, पण लिहावयास शिकविण्याची वेळ आली की हात आखडला. डोंगराळ भागातील गेलिक भाषा बोलणाऱ्यांवर इंग्रजी लादण्याचा हेतू तर १६१६ च्या हुकुमातच स्पष्ट होता. ५ ते १३ वर्षांच्या सर्व मुलामुलींना शिक्षण सक्तीचे झाले, ते १८७२ च्या कायद्याने. ग्रंथ सर्वांचा म्हटले, तरी लेखणी सर्वांची व्हावयास निराळा झगडा करावा लागतो.

याच स्कॉटलंडच्या मिशनरींनी पुण्यात चालविलेल्या शाळेत १८४१ ते १८४७ या काळात जोतीराव फुले शिकले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. विद्या मात्र घेतली, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून तेथे वाचनाबरोबर लेखणीही मुलींच्या हाती दिली. कोणाच्या शाळेत शिकलो यापेक्षा शिकून कोणासाठी शाळा काढली, यावर माणसाची किंमत ठरते.

म्हणून माझे आपणांस सांगणे इतकेच. विद्येचा गौरव करणारा ठराव आपल्या सभेत मांडला जाईल, तेव्हा टाळ्या वाजविण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा : शिकविणार कोण, त्याचे वेतन देणार कोण, आणि आपल्या मुलीच्या हाती पुस्तकाबरोबर लेखणीही येणार की नाही? यांची उत्तरे त्याच बैठकीत लिहून घ्या. स्कॉटलंडला १३६ वर्षे थांबावे लागले. आपल्या लेकरांना तितका अवधी नाही.