वणव्याच्या दिवसांतलं गॅरेज

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाने मला सांगितलं, "तुझ्या धंद्याबद्दल थोडं बोल." मी 1992 च्या दहावीचा. 1996 पासून फाट्यावर मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्यात, त्यामुळे जास्त ओळख करून देत नाही.

गॅरेजमध्ये बसलं की गावाचं वर्ष कळतं. पावसाळ्यात ब्रेक लायनर आणि गंजलेल्या चेनी. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या. वर्षभर पडवीत उभ्या, बॅटरी बसलेली, कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल सुकून चिकट झालेलं. भातकापणीला मागे पेंढ्याचे भारे बांधून बांधून शॉकअप गेलेले. आणि फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत येतात त्या वणव्याच्या गाड्या.

वणव्याची गाडी मी न सांगता ओळखतो. एअर फिल्टर काढला की धूळ आणि राख पडते. इंजिनाला हवा मिळत नाही, पिकअप जातो, गाडी काळा धूर मारते. क्लच प्लेटा जळालेल्या, कारण सड्यावरच्या पायवाटेने दोघं-तिघं बसून, पहिल्या गिअरवर, अर्ध्या क्लचवर गाडी चढवलेली असते. वाडीत आगीचा बंब पोचत नाही. पाण्याचा कॅन, फवारणीचा पंप आणि माणसं, सगळं मोटारसायकलवरूनच वर जातं. म्हणून जानेवारीअखेर मी तरुण पोरांना सांगतो, क्लच आणि ब्रेक तपासून घ्या. आणि वर गेल्यावर गाडी वाळल्या गवतात उभी करू नका. तापलेला सायलेन्सर गवताला टेकला तर दुसरी आग तुम्हीच लावाल.

आपल्या सरांची एम-80 आठवते ना? पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागायचं. ती टू-स्ट्रोक गाडी गेली, पण ती विद्या कामाला आली. आज माझ्याकडे ग्रासकटर दुरुस्तीला येतात, त्यांतले बरेचसे टू-स्ट्रोक आहेत. ऑईल कमी पडलं की पिस्टन जाम. 2020 नंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांना कार्बोरेटर नाही, सेन्सर आहेत. तेही शिकून घेतलं. पण गावाच्या दृष्टीने विचाराल तर मला ग्रासकटरचं काम जास्त मोलाचं वाटतं. ते का, हेच सांगायला मी उभा आहे.

वणवा आपोआप क्वचितच लागतो. कुणी विडी टाकतं. कुणी भाजावळ करताना लक्ष ठेवत नाही. कुणी शिकारीसाठी लावतं, तर कुणाला वाटतं की गवत जाळलं म्हणजे पुढच्या वर्षी चांगलं येतं. पण आपल्या लहानपणीही या सगळ्या गोष्टी होत्याच. मग तेव्हा वणवा एवढा का पसरत नव्हता?

तेव्हा घराघरांत गुरं होती. सड्यावरचं गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापून उडव्या रचल्या जायच्या. उरलेलं गुरं चरायची. आग लागली तरी तिला खायला काही नसायचं. आज गोठे रिकामे आहेत, घरं बंद आहेत, आणि कमरेएवढं गवत डिसेंबरात वाळून उभं आहे.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये दुपारी गॅरेजवर फोन आला. खारा वारा सुटला होता. दुपारी तो समुद्राकडून डोंगराकडे वाहतो आणि आग चढावर पळवतो. आम्ही पोचलो तेव्हा मी माणसं मोजली. अकरा जण. त्यांतले तिशीच्या आतले दोघंच. ऐन-किंजळीचे ओले टाळे घेऊन, दोन फवारणी पंप घेऊन, रात्री दहापर्यंत आग मारली. वाडीतली घरं वाचली. पण काजूची ऐंशी कलमं गेली. पाच वर्षं उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी नेऊन जगवलेली, धरायला लागलेली कलमं. त्या माणसाने आपली बाग साफ ठेवली होती. आग आली ती शेजारच्या तीन पड जमिनींतून. तिन्हींचे मालक बाहेरगावी. त्यांना दोष द्यायला मी बोलत नाही. पोट भरायला सगळ्यांनाच जावं लागतं. पण सातबारावर नाव आपलं असेल, तर त्या गवताचं काय होतं हेही आपल्यालाच बघायला हवं.

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं आहे. बहुतेक रान खासगी, म्हणजे तुमचं-आमचं. वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे, तो सगळ्यांनी मोबाईलमध्ये ठेवा. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचे संदेशही येतात. पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. पहिली खबर लागते ती रस्त्याने जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याला.

म्हणून माझं मागणं तीन गोष्टींचं आहे.

पहिली गोष्ट, जानेवारी संपायच्या आत आपल्या जमिनीच्या हद्दीने दहा-बारा फुटांचा पट्टा साफ करून घ्या. त्याला जाळरेषा म्हणतात. स्वतः येता येत नसेल तर गावातल्या पोराला मजुरी पाठवा. त्यालाही काम मिळेल.

दुसरी गोष्ट, मंडळाच्या निधीतून दोन ग्रासकटर आणि चार पाठीवरचे पंप घेऊन शाळेत ठेवा. त्यांची देखभाल मी फुकट करीन, हा शब्द सगळ्यांसमोर देतो.

तिसरी गोष्ट, शिमग्याला याल तेव्हा पालखी नाचवा, पण एक सकाळ सड्यावर या. बरोबर मुलांनाही आणा. वणव्याच्या वर चढावावर उभं राहायचं नाही, नायलॉनचे कपडे घालून आगीजवळ जायचं नाही, वारा पडला की आग मारायची, हे त्यांना गावात आल्याशिवाय कोण शिकवणार?

माझ्या धंद्यात शंभर रुपयांचा फिल्टर वेळेवर न बदलणारा माणूस पुढे इंजिनाच्या कामाला हजारो रुपये मोजतो. गवताचंही तसंच आहे. आत्ता कापलं तर दोन दिवसांची मजुरी. नाही कापलं तर कुणाची तरी पाच वर्षांची मेहनत.

शाळेमागे आपल्या वेगवेगळ्या तुकड्यांनी लावलेली झाडं आता सावली देतात. त्यांच्याभोवतीचं गवत येत्या रविवारी सकाळी सात वाजता कापायचं ठरवलं आहे. दोन ग्रासकटर चालू करून ठेवतो. जे थांबणार असतील त्यांनी कोयता घेऊन यावं. चहा माझ्याकडून.